संगमेश्वरला उतरलेल्या पोरीला

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

रत्नागिरीला गाडीत बसलीस. भोके स्टेशन मागे पडलं, गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली आणि तुझं काळीज धडधडायला लागलं. घाम फुटला, हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना आणि 'आता मी मरते' अशी खात्रीच झाली. संगमेश्वरला उतरून एसटीने घरी आलीस. आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, देवाला गाऱ्हाणं घातलं. घालू दे, तिचा जीव तुझ्यात आहे. पण दुसऱ्या दिवशी तू ईसीजी काढलास हे फार चांगलं केलंस. पहिल्यांदा असं झालं की हृदयाचं काही नाही ना, ते आधी बघायलाच हवं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घे.

हा ॲन्झायटी अटॅक की पॅनिक अटॅक, असं तू विचारलंस. बोगद्यात झालं तो पॅनिक अटॅक. तो अचानक उसळतो, काही मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. झाडीतून बिबट्या समोर आला तर पळायला जे बळ लागतं, तेच शरीर गोळा करतं, फक्त समोर बिबट्या नसतो. ॲड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते. आपण भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच मुंग्या येतात, गरगरतं. गाडीतच कशाला, गाढ झोपेतून उठवूनही तो येतो.

'ॲन्झायटी अटॅक' हा शब्द लोक सर्रास वापरतात, पण मनोविकारतज्ज्ञ डीएसएम नावाच्या ज्या पुस्तकावरून निदान करतात, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत पॅनिक अटॅकची व्याख्या आहे, ॲन्झायटी अटॅक नावाचं निदान नाही. म्हणून ते खोटं, असं मात्र समजू नकोस. यंदा मोहोर गळाला, बाबांच्या कर्जाचा हप्ता थकला, तेव्हापासून तुला झोप नाही, मान आखडते, जेवण जात नाही आणि हप्त्याची तारीख जवळ आली की जीव कासावीस होतो. ती ॲन्झायटी. पावसाळ्यात भिंतीत ओल चढते तशी ती हळूहळू चढते आणि तिला बहुधा काहीतरी कारण असतं. अशी काळजी सहा महिने बहुतेक रोज राहिली, आवरेनाशी झाली, तर तो उपचार करण्यासारखा आजार असतो. एकाच माणसाला दोन्हीही होतं. ओल आधीच असली की पॅनिकला यायला सोपं जातं.

आता जे मला तुला खरं सांगायचंय ते. संगमेश्वरला उतरल्यामुळे तू वाचलीस असं तुला वाटतंय. पोरी, तो बोगदा साडेसहा किलोमीटरचा. पुढचं उक्षी स्टेशन येईतो तुझा झटका टोकाला गेला असेल आणि संगमेश्वर येईपर्यंत तो आपसूक उतरायला लागला होता. तू बसून राहिली असतीस तरी उतरलाच असता. पण मनाने श्रेय गाडीतून उतरण्याला दिलं आणि आता तुला गाडीच नको झालीय. उद्या एसटी नको होईल, परवा बाजार.

हे मी स्वतःवरून सांगते. दाभोळच्या फेरीबोटीत मला असाच झटका आला होता. ज्या डॉक्टरांना दाखवलं ते म्हणाले, "काही नाही, मनाचे खेळ आहेत." इतक्या वर्षांची सिस्टर मी, पण त्या वाक्याची इतकी लाज वाटली की कुणाला बोलले नाही. चार वर्षं फेरीबोट टाळली. पलीकडे धोपाव्याला माहेर, दहा मिनिटांचं पाणी, पण मी चिपळूणवरून वळसा घालून जायचे. आईच्या शेवटच्या दुखण्यातसुद्धा. ते मला अजून सलतं.

झटका आला तर पळू नकोस. जागेवर बस, श्वास सावकाश सोड, घेण्यापेक्षा सोडणं लांब. कागदी पिशवीत श्वास घेऊ नकोस. 'हा पॅनिक आहे, उतरेल' असं पुटपुट. कर्जाच्या काळजीला मात्र नुसता श्वास पुरणार नाही. बाबांना घेऊन बँकेत जा, हप्त्यांचं बोल, रात्रीचा चहा बंद कर.

आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जा. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालापासून आहे. लोक त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. या दोन्ही त्रासांवर सीबीटी नावाचं, विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारं समुपदेशन चांगलं लागू पडतं. औषध दिलं तर गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडू नकोस. तत्काळ शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, त्या मैत्रिणीकडून मागून घेऊ नकोस. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे.

येत्या रविवारी आपण रत्नागिरी ते संगमेश्वर गाडीने जाऊ आणि गाडीनेच परत येऊ. बोगद्यात मी शेजारी असेन. त्याच्या पुढच्या रविवारी मी पलीकडच्या डब्यात बसेन. तिकिटं मी काढते, तू फक्त वेळ कळव.

तुझी,
सिस्टरमावशी