पहिली प्रायमरी आणि ‘अनुभवी’ उमेदवार

अगं, पहिल्यांदाच प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मत देणार आणि ‘अनुभवी’ उमेदवारालाच द्यावं का, विचारतेस? उमेदवाराची नुसती वर्षं मोजू नकोस. जेम्स ब्युकॅनन खासदार, सिनेटर, राजदूत, परराष्ट्रमंत्री, सगळं होऊन १८५७ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि देश यादवीच्या तोंडाशी नेऊन सोडला. त्याच्यामागून आलेल्या लिंकनची काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, जेमतेम एक टर्म!

२००८ मध्ये मीही प्रायमरीत अनुभव बघून सिनेटर हिलरी क्लिंटनबाईंकडे झुकले होते. मग २००२ चं इराक युद्धाचं मतदान काढलं. त्यांचं मत ‘हो’. त्यांचे प्रतिस्पर्धी ओबामा २००२ मध्ये इलिनॉयच्या राज्य सिनेटमध्ये, पण उघड विरोधात बोललेले.

सिनेटच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचं मत नावानिशी असतं, चहा घेऊन तासभर बस. उमेदवार गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख, असेल तर त्याचं बजेट आणि व्हेटो (कोणती विधेयकं नाकारली ते) बघ. आणि हो, तू न्यूयॉर्कची, तेव्हा पक्षनोंदणी आधी कर. तिथे त्याशिवाय प्रायमरीत मत देता येत नाही.