'पेगन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: 'द विकर मॅन' या १९७३च्या ब्रिटिश भयपटावर मराठीत लिहिताना 'पेगन'साठी, म्हणजे ख्रिस्ती धर्माबाहेरचे जुने देव मानणाऱ्यासाठी, 'मूर्तिपूजक' चालेल का?

माझ्या मते नाही. समरआयल या काल्पनिक स्कॉटिश बेटावरची माणसं सूर्याला भजतात, मे महिन्यात खांबाभोवती नाचतात, आगीवरून उड्या मारतात आणि फळबागा पिकाव्यात म्हणून बळी देतात. 'मूर्तिपूजक' म्हटल्यावर यातलं काय डोळ्यांपुढे येतं? 'नास्तिक' तर साफ चूक, कारण या लोकांना देवांची वाण नाही. 'काफिर' शब्दाने भलताच धर्म गोष्टीत शिरतो.

आता शब्दाचं मूळ पाहू. लॅटिनमध्ये 'पागुस' म्हणजे गावांचा मुलूख, आणि 'पागानुस' म्हणजे तिथला रहिवासी, गावकरी. पुढे ख्रिस्ती लोक आपल्या धर्मात न आलेल्यांना हाच शब्द लावू लागले. 'हीदन' हा त्याचा इंग्रजी भाऊ. बहुतेक कोशकार तो 'हीथ'शी, म्हणजे माळरानाशी जोडतात. एक गावाकडचा, दुसरा माळावरचा! मराठी माणसाला हे नवीन वाटू नये. गावावरून आपण 'गावंढळ' केला आणि रानावरून 'रानटी'.

हे दोन्ही शब्द चित्रपटात एकाच संवादात भेटतात. हरवलेल्या मुलीच्या शोधात आलेला सार्जंट हाउई कट्टर ख्रिस्ती आहे. बेटाचा मालक लॉर्ड समरआयल (क्रिस्टोफर ली) त्याला सांगतो, की आजोबांनी १८६८मध्ये इथे येऊन फळांच्या नव्या जाती लावल्या, लोकांना जुने देव परत दिले, आणि पाद्री बेट सोडून पळाले. हे ऐकून हाउई चिडून म्हणतो, म्हणजे तुम्हाला पेगन म्हणून वाढवलं! लॉर्ड शांतपणे शब्द बदलतो: हीदन म्हणता येईल कदाचित, पण अज्ञानी नसावा अशी आशा आहे.

इथे हाउईच्या तोंडी मी 'पाखंडी' घालेन. या शब्दाचा प्रवासही 'पेगन'सारखाच आहे. अशोकाच्या गिरनारच्या लेखात 'पासंड' म्हणजे नुसता पंथ. सगळ्या पासंडांचा राजा आदर करतो, असं तिथे कोरलेलं आहे. तुकोबांपर्यंत येता येता त्याचं 'पाषांड खंडण' झालं. साधं नाव दुसऱ्याच्या तोंडी जाऊन शिवी झालं, आणि हाउईला तीच शिवी द्यायची आहे. लॉर्डच्या उत्तरासाठी 'रानटी' मला फार आवडतो: "रानटी म्हणा हवं तर, पण अडाणी नसावा." माळरानही राहतं आणि उपरोधही.

तुमच्या स्वतःच्या वाक्यांत मात्र सरळ 'पेगन' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या. तिथे 'पाखंडी' लिहिलंत तर तुम्ही हाउईच्या बाजूने बोलू लागाल. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांच्या लेखी आपल्यातल्या बहुतेकांचे पणजोबा 'हीदन'च होते, तेव्हा ती बाजू नकळत घेतली जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

जाता जाता, 'विकर'ही जपून. चित्रपटाच्या नावातला 'विकर मॅन' हा काही गवताचा पुतळा नाही. आपली टोपली विणतात तसा, लवचिक फोकांनी विणलेला आहे, आणि आत माणूस मावतो.