भत्ता मिळत नसला तरी नाव नोंदवा

नवऱ्याच्या ब्लू कार्डामुळे (उच्चशिक्षितांना मिळणारा नोकरीचा परवाना) जर्मनीत स्टुटगार्टला आलात, एम.कॉम. आहात, पुण्यात अकाउंट्स सांभाळलेत आणि इथे वर्षभर अर्ज करून मुलाखतीला एकदाही बोलावणं नाही. शहर सोडलं तर ही माझीच गोष्ट, म्हणून लिहितेय.

बायोडेटा वगैरे तुम्ही केलाच असेल. मला सगळ्यात महागात पडला तो एका सल्ला केंद्राचा (नाव नको) ठाम सल्ला: "तुम्हाला बेकारी भत्ता नाही, मग रोजगार कार्यालयात तुमचं काय काम? आधी पदवीचं मूल्यांकन करून आणा." तिथल्या बाईंनी माझं रहिवासी परवान्याचं कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही. त्यावर 'एर्वेर्ब्सटेटिशकाइट एरलाउब्ट' असं स्वच्छ छापलेलं, म्हणजे नोकरी-धंद्याची पूर्ण मुभा. मी आपली मूल्यांकनाच्या टपालाची वाट बघत घरी!

भत्ता नसला तरी आगेंटूर फ्युर आर्बाइटमध्ये, म्हणजे त्याच रोजगार कार्यालयात, नोकरी शोधणारी म्हणून नाव नोंदवता येतं. मग नोकरीसाठीचा, बी1च्या (भाषेची मधली पातळी) पुढचा जर्मन कोर्स मागता येतो आणि बेकार असाल तर तो फुकट असतो. 'बिल्डुंग्सगुटशाइन', म्हणजे प्रशिक्षणाचा खर्च भरून देणारं व्हाउचर, मात्र अधिकाऱ्याच्या अखत्यारीत. तोंडी नकार मिळाला तर 'बेशाइड', म्हणजे लेखी निर्णय, मागा, त्यावर महिन्याभरात हरकत घेता येते. (मी वकील नाही, प्रत्येकाचं प्रकरण वेगळं.) पण "लेखी द्या" म्हटलं की समोरच्याचा सूर बदलतो, हे मात्र खात्रीने सांगते.

आणि अकाउंट्सच्या नोकरीला ते मूल्यांकन सक्तीचं नाहीच! नर्स-डॉक्टरांचं वेगळं, त्यांना मान्यता लागतेच. माझं मत विचाराल तर ते पैसे आणि वेळ डाटेव्ह हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकण्यात घाला. आपल्या टॅलीचं इथे कुणाला काही नाही, कर सल्लागारांच्या ऑफिसात बहुतेक डाटेव्हच चालतं.

मिनीजॉबवर, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच पगार असलेल्या छोट्या नोकरीवर, फार विसंबू नका. यंदा, 2026 मध्ये, त्याची मर्यादा महिना 603 युरो आहे. त्यातून स्वतःचा आरोग्य विमा होत नाही आणि पुढे बेकारी भत्त्यासाठी लागणारे 12 महिनेही त्यात धरले जात नाहीत.

जाता जाता एक. नोकरी लागली की नवरा 3 आणि तुम्ही 5 हा टॅक्स क्लास (पगारातून दरमहा किती कर कापायचा ते ठरवणारा वर्ग; 3 मध्ये कमी कापतात, 5 मध्ये जास्त) ठेवू नका, दोघंही 4 म्हणजे 4/4 करा. विवरणपत्र भरल्यावर वर्षाचा कर तेवढाच बसतो, पण बेकारी भत्ता नि एल्टर्नगेल्ड (मूल झाल्यावर आई-वडिलांना मिळणारा भत्ता) तुमच्या हातात पडणाऱ्या पगारावर ठरतात. दर महिन्याला नवऱ्याचा पगार कमी दिसेल, तो कुरकुरेल. आमचा अजून कुरकुरतो.