विमानाआधी पॉलिसी परत करा

परभणीहून एका वाचकांचे पत्र आले आहे. जलसंपदा विभागातून अभियंता म्हणून ते गेल्या महिन्यात, वयाच्या 58व्या वर्षी, निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी, रजा रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी आणि अंशराशीकरण (पेन्शनच्या काही भागाची एकरकमी रक्कम) मिळून सुमारे 80 लाख रुपये हाती आले आहेत. पेन्शन दरमहा 55 हजार आहे. आता खासगी वैमानिकाचा परवाना काढून 55 लाखांचे जुने चार आसनी सेसना 172 घ्यावे की दोन आसनी हलके विमान, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी मात्र ते लिहितात : ‘बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून 10 लाख एकरकमी गॅरंटी योजनेत टाकले आहेत. 15 वर्षांनी त्याचे सव्वा कोट होतील, त्यामुळे म्हातारपणाची चिंता नाही.’ पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रत त्यांनी सोबत जोडली आहे.

आपला प्रश्न विमानाचा असला तरी मी त्या पानापासून सुरुवात करतो, कारण त्याला मुदत आहे. पानावर ‘हप्ता वार्षिक’ आणि ‘हप्ते भरण्याचा कालावधी 7 वर्षे’ असे स्वच्छ छापलेले आहे. म्हणजे आपण 10 लाख एकदा भरलेले नाहीत, तर 70 लाखांपैकी पहिला हप्ता भरला आहे. दहा लाखांचे 15 वर्षांत सव्वा कोट व्हायचे तर दरसाल 18 टक्के परतावा लागतो, आणि असा परतावा हमीने देणारी कोणतीही योजना या देशात नाही. सात हप्ते भरून सव्वा कोट मिळणार असतील, तर तो परतावा साधारण 5 टक्के पडतो. त्यातही 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या अशा पारंपरिक पॉलिसींचा एकूण वार्षिक हप्ता 5 लाखांच्या वर गेला, तर मुदतपूर्तीच्या नफ्यावर कर लागतो. निवृत्तीचे पैसे खात्यात जमा झाल्याचे पाहून, वर्षाला साडेसहा लाख पेन्शन असलेल्या माणसाच्या गळ्यात 10 लाखांचा वार्षिक हप्ता बांधणे ही फसवणूक आहे, आणि ती मला दर महिन्याच्या पत्रांत दिसते.

आता आपलाच हिशेब पुढे नेऊ. 80 लाखांतून हप्त्याचे 10 गेले, विमानाचे 55 गेले, परवान्याचे साधारण 12 गेले, की 3 लाख उरतात. पुढच्या वर्षी दुसरा हप्ता मागायला येईल तेव्हा तो भरायला आपल्याकडे पैसे नसतील.

सुदैवाने पॉलिसीचे कागद हाती पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. आपण दिलेल्या तारखेवरून जेमतेम दहा दिवस उरले आहेत. अर्ज बँकेकडे नव्हे, थेट विमा कंपनीकडे लेखी द्यावा, ईमेलही करावा आणि पोच घ्यावी. मुद्रांक शुल्क, तेवढ्या दिवसांचे जोखीम शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा होऊन बाकी रक्कम परत मिळते. साहेब ‘एक वर्ष भरा, मग पाहू’ म्हणतील. ऐकू नये, कारण मुदतीनंतर पॉलिसी सोडली तर भरलेल्या रकमेपेक्षा बरेच कमी हाती येते. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करावी आणि त्यानंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जावे.

दुसरी मुदत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची आहे. साठीच्या आत निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्यात पैसे ठेवता येतात. कमाल 30 लाख ठेवले, तर सध्याच्या 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 61,500 रुपये येतील. उडण्याचा खर्च याच व्याजातून निघावा, असे मला वाटते.

विमानाविषयी माझे मत स्पष्ट आहे : आपण ते विकत घेऊ नये. विमान दाखवणाऱ्या दलालाच्या कागदात ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीनंतर) इंजिन 1,700 तास चालल्याचे लिहिले आहे, आणि या विमानांच्या इंजिनांना निर्माते साधारण 2,000 तासांनी ओव्हरहॉल सांगतात. म्हणजे ज्या खर्चापासून विकणारा सुटतो आहे, तो लाखांतला खर्च तीनशे तासांवर आपली वाट पाहतो आहे. परभणीत विमानतळ नाही, त्यामुळे विमान नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला ठेवावे लागेल. हँगर, विमा, परवानाधारक अभियंत्याची देखभाल आणि दरवर्षीचे उड्डाणयोग्यतेचे कागद मिळून वर्षाला 8 लाख धरा. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात हवा विरळ होऊन छोट्या विमानाची उचल घटते आणि पावसाळ्यात ढग खाली येतात. म्हणून वर्षाला 50 तास उड्डाण झाले तरी पुष्कळ. म्हणजे इंधन भरण्याआधीच तासाला 16 हजार खर्च होतात. दोन आसनी विमान घेतले तरी हे गणित फारसे बदलत नाही. ‘भाड्याने देऊन दरमहा 40 हजार सुटतील’ हे दलालाचे म्हणणे तर सोडूनच द्यावे. खासगी नोंदणीचे विमान भाड्याने देता येत नाही आणि खासगी परवान्यावर वैमानिकाला मोबदलाही घेता येत नाही.

परवाना मात्र जरूर काढावा. आयुष्यभर कालवे आणि धरणे सांभाळलेल्या माणसाला जायकवाडीचा जलाशय वरून पाहावासा वाटणे मला अगदी रास्त वाटते, आणि ते आपल्या ऐपतीतही आहे. नियमाने किमान 40 तासांचे उड्डाण लागते. आपल्या वयात 60 धरावेत. तासाला 15 हजारांप्रमाणे 9 लाख, आणि उड्डाण शिकण्यासाठी बारामती किंवा धुळ्याला राहण्याचा, पुस्तकांचा व परीक्षांचा खर्च धरून 12. पुढे वर्षाला 15 तास भाड्याच्या विमानाने उडालात तर सव्वादोन लाख लागतील, म्हणजे बचत योजनेच्या वर्षाच्या अडीच लाख व्याजात ते बसतात. त्या व्याजावर कर लागेल. तो पेन्शनमधून भरावा.

एक गोष्ट आपण ओघात लिहिली आहे, ती म्हणजे मधुमेहाची गोळी. उड्डाण शाळेची चौकशी करण्याआधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या) यादीतील डॉक्टरकडे खासगी वैमानिकाला लागणारी वर्ग 2 ची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि साखरेचे जुने अहवाल सोबत न्यावेत. शिवाय पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेखच नाही. तो नसेल, तर आधी आपल्या पती-पत्नी दोघांचा घ्यावा आणि अर्जात मधुमेह लपवू नये.

तपासणीत पात्र ठरलात, तर शाळेत आधी एक परिचय उड्डाण घ्यावे. ‘पूर्ण शुल्क आगाऊ भरल्यास सवलत’ असे सांगितले तरी एका वेळी दहा तासांपेक्षा जास्तीचे पैसे भरू नयेत. विमान दुरुस्तीला गेले किंवा प्रशिक्षक सोडून गेला, तर अडकलेली रक्कम परत मिळवणे फार कठीण जाते.