ऑरगॅनिकमध्ये 54 मिळाले, तर?

मार्चअखेरीस अमेरिकेतील विद्यापीठांचे निकाल लागतात आणि बहुतेक ठिकाणी 1 मेपर्यंत होकार कळवावा लागतो. या चार-पाच आठवड्यांत न्यू जर्सीतील मराठी कुटुंबे समुपदेशक म्हणून माझ्याकडे जो प्रश्न घेऊन येतात, तो इतक्या वर्षांत फारसा बदललेला नाही : ‘‘मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, मग पदवीसाठी नावाजलेले विद्यापीठच हवे ना?’’ प्रश्न विद्यापीठाविषयी असतो. माझे लक्ष मात्र त्यातल्या ‘च’कडे जाते. इच्छा माणसाला त्रास देत नाही, इच्छेला चिकटलेला हट्ट देतो, अशा विवेकनिष्ठ विचारपरंपरेत मी शिकले आणि अजूनही तिच्यावर माझा विश्वास आहे. पण हट्टाच्या मुळाशी नेहमी महत्त्वाकांक्षाच असते असे नाही, हे मला एका कुटुंबाने शिकवले.

मुलगी सतरा वर्षांची होती. तिच्यापुढे दोन पर्याय होते : बॉस्टनजवळचे एक नामवंत खासगी विद्यापीठ, जिथला खर्च वर्षाला 90 हजार डॉलरच्या घरात जाणार होता, आणि घरापासून तासाभराच्या अंतरावरचे रटगर्स हे न्यू जर्सीचे सरकारी विद्यापीठ, जिथे तिला शिष्यवृत्तीही मिळाली होती. आमच्या पाच भेटी झाल्या. त्यांपैकी पहिल्या दोन जवळजवळ पूर्णपणे वडिलांच्याच होत्या.

‘‘ताई, मी सीओईपीचा,’’ ते म्हणाले. ‘‘इतकी वर्षे झाली, तरी माणसे आधी कॉलेज विचारतात. नाव आयुष्यभर पुरते.’’

‘‘सीओईपीने तुम्हाला इंजिनिअर केले. हे विद्यापीठ तिला डॉक्टर करणार आहे का?’’

ते थोडे दुखावले, परंतु हा फरक स्पष्ट करणे आवश्यक होते. भारतात बारावीनंतर नीट देऊन मूल थेट एमबीबीएसला बसते. तिथे कॉलेज ठरले की डॉक्टर होणे बहुतांशी ठरले. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी आणि त्यानंतर स्वतंत्र अर्ज करून चार वर्षांचे वैद्यकीय महाविद्यालय, असा मार्ग आहे. पदवीच्या काळातील वैद्यकीयच्या तयारीला प्री-मेड म्हणतात. ती पदवी नव्हे आणि विशिष्ट विषयाची शाखाही नव्हे. इतिहासात पदवी घेऊनसुद्धा आवश्यक जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र आणि जीवरसायन पूर्ण केले, तर अर्ज करता येतो. एमडी (अमेरिकेतील डॉक्टरकीची मूळ पदवी) देणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांचे अर्ज ॲमकास या एकाच व्यवस्थेतून जातात. तिथे विज्ञान व गणित या विषयांचा जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, वेगळा काढला जातो आणि कठीण विद्यापीठात शिकल्याबद्दल त्यात एका दशांशाचीही भर घातली जात नाही. दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक अर्जदारांमधून सुमारे 23 हजार विद्यार्थी प्रवेश घेतात. त्यांचा सरासरी जीपीए 4 पैकी 3.8च्या आसपास आणि एमकॅट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा गुणांक 528 पैकी 512च्या जवळपास असतो.

नावाला काहीच किंमत नाही, असे मी म्हणत नाही. संशोधनाच्या संधी, अनुभवी सल्लागार आणि तितक्याच जिद्दीचे सोबती यांना मोल आहेच. मात्र नावाजलेल्या विद्यापीठातून अधिक मुले वैद्यकीयला जातात याचे एक साधे कारण असे की तिथे येणारी मुले मुळातच परीक्षांमध्ये तरबेज असतात. ‘आमच्या प्री-मेड विद्यार्थ्यांपैकी इतके टक्के यशस्वी होतात’ असे कोणी सांगितले, तर पालकांनी न संकोचता विचारावे की ही टक्केवारी कोणांपैकी काढली आहे : पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून नाव नोंदवलेल्यांपैकी, की शेवटपर्यंत टिकून अर्ज केलेल्यांपैकी? काही विद्यापीठांमध्ये अर्जदारासाठी समितीचे शिफारसपत्र दिले जाते. ते कोणाला नाकारले जाते, हेही विचारावे.

हे सर्व मी दुसऱ्या भेटीत सांगितले, वडिलांनी वहीत उतरवून घेतले आणि काहीही बदलले नाही. माहितीने हट्ट सुटत नाही, हे मला ठाऊक असूनही मी दरवेळी आधी माहितीच देते. तो माझा स्वभाव आहे.

तिसऱ्या भेटीला मी मुलीला एकटीला बोलावले. ‘‘बॉस्टनच,’’ ती म्हणाली. कारणे विचारली, तेव्हा तिने ग्रंथालयाची इमारत, नदीकाठचा रस्ता आणि गणेशोत्सवात भेटणाऱ्या काका-काकूंचे चेहरे यांचे वर्णन केले. तिथल्या एकाही तासाचे वर्णन तिच्याकडे नव्हते. तेव्हा, आधी कधीही न विचारलेला एक प्रश्न मला सुचला.

‘‘दुसरे वर्ष आहे, ऑक्टोबर महिना. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेत तुला शंभरपैकी 54 मिळाले आहेत. त्या संध्याकाळी तू कोणाकडे जाशील?’’

ती हसली, मग हसू ओसरले. खूप वेळ ती जॅकेटची चेन वर-खाली करत राहिली.

‘‘बॉस्टनला?’’ तिने विचारले. ‘‘कोणाकडेच नाही, मावशी. तिथे मी हुशार म्हणून आलेली असेन ना.’’

‘‘आणि रटगर्सला?’’

‘‘तिथे मी एकदा तासाला बसले होते. नंतर वरच्या वर्गातल्या एका मुलीने आम्हाला गणिते सोडवायला बसवले. तिने सांगितले की तिलाही सुरुवातीला जमत नव्हते. मी तिच्याकडे गेले असते.’’

या क्षणाविषयी मी नंतर पुष्कळ विचार केला. बालवाडीपासून ‘हुशार’ म्हणवल्या गेलेल्या मुलीच्या दृष्टीने मदत मागणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे असते. बॉस्टनचा ‘च’ तिच्या महत्त्वाकांक्षेतून आलेला नव्हता. आपण खरोखर हुशार आहोत की नाही ही शंका एका मोठ्या नावाने कायमची मिटेल, या आशेतून आला होता. अशा मनःस्थितीत ती जिथे गेली असती तिथे ऑरगॅनिकने तिला गाठलेच असते, कारण हा विषय चांगल्या-चांगल्या मुलांना हादरवणाराच आहे. म्हणून आमचे खरे काम विद्यापीठ निवडण्याचे नव्हतेच.

चौथ्या भेटीत आईवडिलांच्या उपस्थितीत तिने तेच उत्तर पुन्हा सांगितले. आई म्हणाली, ‘‘ही घाबरली की सांगत नाही, जेवण कमी करते.’’ वडील गप्प होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘‘पहिल्या वर्षी माझा एम-वन, गणिताचा पहिला पेपर, राहिला होता. घरी अजून कोणाला माहीत नाही.’’

‘‘बाबा, मग तू कोणाकडे गेलास?’’

‘‘होस्टेलवर सोलापूरचा एक सीनियर होता. रोज रात्री जेवण झाले की शिकवायचा.’’

त्या भेटीत मी यापुढे फारसे बोलले नाही, आणि समुपदेशक म्हणून माझ्या हातून घडलेल्या बऱ्या गोष्टींपैकी ती एक आहे असे मला वाटते.

तेव्हापासून हा 54 गुणांचा प्रश्न मी प्रत्येक कुटुंबाला विचारते. उत्तर दर वेळी सरकारी विद्यापीठाच्या बाजूनेच येते असे नाही; एका मुलाने नेमक्या याच कारणासाठी लहानसे, महागडे कॉलेज निवडले, कारण तिथल्या प्राध्यापिकेने त्याच्या ईमेलला सविस्तर उत्तर दिले होते. विद्यापीठ पाहायला जाल तेव्हा इमारतींऐवजी शिकवणी केंद्र पाहा, प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेल्या वेळेत, खरोखर मुले येतात का ते विचारा, आणि ज्यांनी प्री-मेड सोडले अशा एखाद्या विद्यार्थ्याशी अवश्य बोला. रुग्णालय बसने गाठता येते का, हेही पाहा. रुग्णसेवेचा अनुभव अर्जाला लागतो आणि पहिल्या वर्षी मुलांकडे गाडी नसते.

पैशाचा हिशेब आता अधिक कठोर झाला आहे. 2025मधील कायद्याने 1 जुलै 2026पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचे सरकारी कर्ज बंद केले असून वैद्यकीय शिक्षणासाठीच्या संघराज्य कर्जाला वर्षाला 50 हजार आणि एकूण 2 लाख डॉलर अशी मर्यादा घातली आहे. पदवीच्या चार वर्षांत वाचवलेली रक्कम पुढे थेट उपयोगी पडते. ज्यांचे ग्रीन कार्ड अद्याप झालेले नाही, त्यांनी आणखी एक चौकशी आधीच करावी : अनेक वैद्यकीय महाविद्यालये व्हिसावरील अर्जदारांचा विचारच करत नाहीत.

पाचव्या भेटीला ती एकटी आली आणि रटगर्सला होकार कळवल्याचे सांगून लगेच निघाली. वैद्यकीयचा अर्ज तिने अजून केलेला नाही. दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये रात्री अकराला तिचा निरोप आला होता : ‘‘मावशी, 54 नाही, 61. आत्ताच जाऊन आले.’’