तपास अधिकाऱ्याच्या कुटुंबाला साक्षीदार संरक्षण मिळते, अशी रहस्यकथा भारतात पटेल का?

आपले कथानक असे आहे : टोळीविरुद्ध साक्ष देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे कुटुंब परगावी लपवले जाते आणि पत्नीने माहेरी केलेल्या एका फोनमुळे पत्ता फुटतो. कथानक पटेल, तो फोन मात्र काढून टाका. बायको हळवी होते, बोलून जाते आणि गुंड दारात येतात, ही लेखकांची जुनी सोय आहे आणि आमच्या घरापुरती ती धादांत खोटी आहे.

माझे वडील एका जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेत फौजदार होते आणि खंडणी व खुनाच्या एका खटल्यात तपास अधिकारी होते. तपास अधिकाऱ्याची साक्ष बहुधा सर्वांत शेवटी होते, त्यामुळे धोका एका रात्रीचा नसतो, तारखांमागून तारखा तो घरात मुक्कामाला असतो. माझ्या शाळेच्या रिक्षाचा क्रमांक लिहिलेले निनावी पत्र आले, तेव्हा आईने आम्हा दोघा भावंडांना घेऊन कोकणातील तिच्या दूरच्या मावशीचे घर गाठले. संरक्षण म्हणून एक शिपाई मिळाला. तो साध्या वेशात असे, पण पायांत खात्याचे तपकिरी बूट घालून ओटीवर बसे, त्यामुळे आम्ही कोणाची माणसे आहोत हे निदान वाडीला तरी विचारावे लागले नाही. शाळेत त्याहून मोठी अडचण होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुन्या शाळेचे नाव असते, म्हणून आई मुख्याध्यापकांना ‘दाखला टपालात आहे’ असे सांगत राहिली. आजीला लिहिलेली पत्रेसुद्धा वडिलांचे रायटर, म्हणजे त्यांच्या हाताखाली लेखनकाम पाहणारे पोलीस, दुसऱ्या तालुक्यातून टपालात टाकत. गावात फोन होता तो फक्त पोस्टात आणि आई त्या पोस्टाची पायरीही चढली नाही.

पत्ता फुटला तो एका लग्नाच्या मांडवात. माझ्या काकांनी चार पाहुण्यांत मोठेपणाने सांगितले की, साहेबांची मंडळी अमुक गावी सुखरूप आहेत. पुढच्याच आठवड्यात एसटी थांब्यावर कोणी अनोळखी माणूस आईचे नाव घेऊन घर विचारू लागला आणि आम्हाला रातोरात तेथून निघावे लागले. काका आजतागायत म्हणतात, ‘वहिनीच माहेरी बोलल्या असतील.’ त्या लग्नाला आली नाही म्हणून तिला शिष्ट ठरवणारेही तेच.

आता कायद्याचे. सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला खटल्यात डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नुसार प्रत्येक राज्याने अशी योजना अधिसूचित करणे बंधनकारक आहे. २०१८ च्या योजनेत गुन्ह्याची माहिती असणारी कोणतीही व्यक्ती साक्षीदार ठरते, म्हणजे पोलीसही त्यात बसू शकतो. जोडीदार, मुले, आईवडील आणि भावंडे कुटुंबात धरली आहेत. निर्णय जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती घेते, परंतु धोक्याचा अहवाल उपविभागाचा पोलीस अधिकारी देतो. आपल्या नायकाच्या मुलांना धोका आहे की नाही, हे त्याच्याच खात्यातील माणूस ठरवणार, आणि त्या माणसाचे नायकाशी बरे नसेल तर काय होईल, याचा विचार करा. रहस्य तेथे आहे. शिवाय संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त नसते. नवी ओळख देण्याची तरतूद आहे आणि त्यामुळे शिक्षणाचे वा मालमत्तेचे हक्क जाऊ नयेत असेही म्हटले आहे. आमच्या दाखल्याची गोष्ट आठवली की ही ओळ किती कष्टाने अमलात येत असेल, ते मला कळते.

परदेशी नमुना हवाच असेल, तर एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेतील जोसेफ पिस्टोन यांचे उदाहरण पाहा. १९७६ ते १९८१ या काळात ते न्यूयॉर्कच्या बोनानो टोळीत खोट्या नावाने वावरले आणि नंतर न्यायालयात उभे राहिले. त्यांच्यावर ५ लाख डॉलरची सुपारी लागल्याचे सांगितले जाते. त्यांच्या कुटुंबालाही बिऱ्हाड हलवावे लागले. पराक्रम एकट्याचा आणि विस्थापन सगळ्यांचे, हा हिशोब तिकडेही चुकलेला नाही.

म्हणून पत्ता फोडायचाच असेल, तर फुशारकी मारणाऱ्या पुरुष नातेवाइकाकडून फोडा. तो काका असला तरी माझी हरकत नाही. आमची हकिगत या योजनेच्या बरीच आधीची आहे आणि आम्हाला मिळाले ते रीतसर संरक्षण नव्हतेच, हे मात्र ध्यानात घ्या; आज मोबाइलमुळे लपणे वेगळ्याच तऱ्हेने अवघड झाले असणार. लिहिण्यापूर्वी सत्र न्यायालयात एखाद्या तपास अधिकाऱ्याचा उलटतपास बसून ऐका. सुनावणी सहसा खुली असते, आणि आरोपीचे नातेवाईक मागच्या बाकावरून साक्षीदाराकडे कसे पाहतात, तेही तेथे दिसेल.