तुमचे प्रश्न: दिवसभर राबणारी माणसं ‘बैठी’ कशी काय?

मागच्या वेळी अमेरिकेतल्या हिस्पॅनिक/लॅटिनो (म्हणजे मेक्सिको, क्युबा वगैरे लॅटिन अमेरिकन मूळ असलेल्या) लोकांच्या तब्येतीवर जाता जाता दोन ओळी लिहिल्या, तर त्यावरच इतके मेल आले की या वेळी बाकीचे विषय बाजूलाच ठेवलेत. बहुतेक प्रश्न तिकडेच राहणाऱ्या वाचकांचे आहेत. सारखे वाटले ते एकत्र केलेत, आणि काही लांबलचक होते ते जरा कापलेत, रागावू नका.

प्रश्न: ताई, मी शिकागोत पब्लिक हेल्थ शिकतोय. क्लासमध्ये सांगितलं की अमेरिकेत सगळ्यात कमी हालचाल हिस्पॅनिक लोकांची, आणि ते दिवसाचे जवळपास १२ तास बसून असतात. पण मी ज्या रेस्टॉरंटमध्ये पार्ट टाइम करतो तिथलं अख्खं किचन मेक्सिकन आहे आणि शिफ्टभर कोणी टेकताना दिसत नाही. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे रे, फक्त तुझ्या क्लासमध्ये दोन वेगळ्या मोजण्या एकाच पातेल्यात ढवळल्यात. पहिलं वाक्य येतं सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या, फोन सर्व्हेवरून. २०१७ ते २०२० चे आकडे एकत्र केले तेव्हा हिस्पॅनिक लोकांमध्ये ३२ टक्के ‘निष्क्रिय’ निघाले, गोऱ्यांमध्ये २३. आता प्रश्न काय विचारतात ते बघ. साधारण असा: गेल्या महिन्यात, *तुमची नेहमीची नोकरी सोडून*, धावणं, गोल्फ, बागकाम, व्यायामासाठी चालणं असलं काही केलंत का? आता तुझ्या किचनमधला भांडी घासणारा माणूस, ज्याचे खांदे गरम ट्रे उचलून उचलून आखडलेत, तो प्रामाणिकपणे ‘नाही’च म्हणणार ना. झाला तो निष्क्रिय! छपरं घालणारा, स्ट्रॉबेरीच्या शेतात दिवसभर वाकून तोडणी करणारा, सगळे त्याच खात्यात. मला तर हा प्रश्न ऑफिसात बसणाऱ्यांनी ऑफिसात बसणाऱ्यांसाठीच लिहिलाय असं वाटतं, पण ते असो.

१२ तासांचा आकडा मात्र विचारून नाही, मोजून काढलेला आहे. एचसीएचएस/सोल नावाचा मोठा अभ्यास आहे, २००८ ते २०११ मध्ये ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथल्या १८ ते ७४ वयाच्या १६,४१५ हिस्पॅनिक/लॅटिनो लोकांना त्यात घेतलं आणि त्यांना आठवडाभर कमरेला ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल मोजणारं छोटं यंत्र, लावायला दिलं. जागेपणाचे १६ तास धरले तर सरासरी ११.९ तास, म्हणजे ७४ टक्के वेळ, बसलेला. पण यात नोकरी नसलेले आहेत, रिटायर झालेले आहेत, आजारी आहेत, ऑफिसवाले आहेत. त्याच अभ्यासात नोकरी करणारे हे नोकरी नसणाऱ्यांपेक्षा कमी बसलेले निघाले, वय वाढलं तसं बसणं वाढलं. म्हणजे तुझं किचन आणि ते १२ तास यांचं भांडण नाहीये, किचनवाले त्या सरासरीच्या एका टोकाला आहेत, इतकंच.

आणि एक, परीक्षेत कामाला येईल. २००३-०४ च्या एनहेन्स या सरकारी आरोग्य सर्व्हेमध्ये अमेरिकन माणूस जागेपणाच्या ५५ टक्के वेळ बसलेला निघाला होता, आणि मेक्सिकन-अमेरिकन प्रौढ बाकीच्यांपेक्षा *कमी* बसणारे. लगेच ५५ आणि ७४ शेजारी ठेवून ‘बघा, हिस्पॅनिक किती आळशी’ असं लिहू नकोस. यंत्र वेगळं होतं. अशी तुलना केलेले असाइनमेंट मी बघितलेत, तेही चांगल्या मार्कांचे.

प्रश्न: मी मायामीत फिजिओथेरपिस्ट आहे, बरेचसे पेशंट क्युबन आजी-आजोबा. गुडघे दुखतात, शुगर आहे, आणि दिवसभर खुर्ची. सकाळी डॉमिनो (तो ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ), दुपारी टीव्ही. क्युबन लोक जास्त बसतात असं खरंच आहे का, आणि डॉमिनो बंद करायला सांगू का?

अहो, डॉमिनोला हात लावू नका! 😄

आधी पहिला भाग. हो, त्या अभ्यासात क्युबन आणि डॉमिनिकन (डॉमिनिकन रिपब्लिक या देशाचं) मूळ असलेले जास्त बसणारे निघाले आणि मेक्सिकन मूळ असलेले सगळ्यात कमी. पण इथे एक गोची आहे. क्युबन लोक बहुतेक मायामीतून घेतले होते, डॉमिनिकन ब्राँक्समधून, मेक्सिकन सॅन दिएगो आणि शिकागोमधून. मग फरक नक्की मुळाचा की शहराचा की वयाचा की कामधंद्याचा? काही भाग हिशोबात वेगळा काढता येतो पण सगळा नाही निघत. मायामीत गाडीशिवाय पान हलत नाही आणि उन्हाळ्यात बाहेर चालणं म्हणजे शिक्षा, हे तुम्हाला मी काय सांगणार. म्हणून ‘क्युबन लोक असेच’ हे वाक्य पेशंटसमोर तर नाहीच, मनातसुद्धा नको.

आता डॉमिनो. क्युबन वस्तीतल्या काये ओचो रस्त्यावरचं मॅक्सिमो गोमेझ पार्क, ज्याला सगळे डॉमिनो पार्कच म्हणतात, तिथे कधी जाऊन उभं राहा. एका टेबलावर चार जण, सोंगट्यांचा संच नऊ-नऊ ठिपक्यांच्या सोंगटीपर्यंतचा, म्हणजे ५५ सोंगट्या, प्रत्येकाला दहा आणि उरलेल्या पंधरा बाजूला. सोंगटी ठेवत नाहीत, आपटतात, वर पार्टनरला चार शब्द सुनावतात. एकट्या राहणाऱ्या ऐंशीच्या माणसाला ही बैठक म्हणजे घराबाहेर पडायचं एकमेव कारण असू शकतं, ती बंद केलीत तर तो काही जिमला जाणार नाहीये, टीव्हीसमोर जाईल. आणि या खेळात उठायची जागा आयतीच आहे बघा: डाव संपला की सोंगट्या पालथ्या घालून टेबलभर ढवळतात. ढवळायला एकच माणूस लागतो. बाकी तिघांनी तेवढ्यात उठून दोन-तीन मिनिटं चकरा मारायच्या, कोणीतरी कोपऱ्यावरच्या खिडकीवरून कॉफी आणायची, पुढच्या डावाला ढवळणारा बदलायचा. पेशंटला ‘हालचाल वाढवा’ म्हणण्यापेक्षा ‘डाव संपला की उभं राहायचं’ हे सांगा, लक्षात राहतं. गुडघ्याचं बघून अर्थात, ते तुमचं खातं.

प्रश्न: माझी सहकारी मेक्सिकन वंशाची आहे, डॅलसला आमच्या अकाउंट्समध्ये. रोज सकाळी पळते, मग आठ-नऊ तास खुर्ची सोडत नाही. म्हणते मी १५० मिनिटांचा कोटा पूर्ण करते, बसल्याने मला काही होत नाही. तिच्या घरात सगळ्यांना डायबेटिस आहे म्हणून काळजी वाटते.

तिचं पळणं फुकट अजिबात जात नाही, आधी ते सांगा तिला. अमेरिकेची गाइडलाइन आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम म्हणते, ती हे करतेय, शाबास.

पण याच एचसीएचएस/सोलमधून २०१५ साली १२ हजारांवर लोकांचा हिशोब आला, त्यात जास्त बसणाऱ्यांचं चांगलं कोलेस्टेरॉल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, ग्लुकोज प्यायल्यानंतरच्या दोन तासांची साखर जास्त आणि इन्सुलिन रेझिस्टन्स (म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) जास्त, आणि हे व्यायामाचा कोटा पूर्ण करणाऱ्यांमध्येही दिसलं. मग २०१७ मध्ये आणखी बारीक बघितलं, एकूण किती बसलात एवढंच नाही तर *सलग* किती बसलात. ज्यांची बैठक लांबच लांब, मध्ये उठणं नाही, त्यांची ती दोन तासांची साखर आणि इन्सुलिन रेझिस्टन्स वरच्या बाजूला. कारण समजायला सोपं आहे, मांड्यांचे मोठे स्नायू आखडले-सैलावले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, तासन् तास गप्प पडले की ओढत नाहीत. फक्त हे अभ्यास एका वेळेचे फोटो आहेत हे विसरू नका, आजारी माणूस आजारामुळेही जास्त बसतो, त्यामुळे बसल्यानेच साखर वाढली अशी शपथ यावरून घेता येत नाही.

आणि घरातल्या डायबेटिसचं म्हणाल तर सगळा दोष खुर्चीला देऊ नका. याच अभ्यासात डायबेटिसचं प्रमाण मेक्सिकन मूळ असलेल्यांत १८.३ टक्के होतं, डॉमिनिकन आणि पोर्तो रिकन लोकांत १८ च्या आसपास, आणि दक्षिण अमेरिकन लोकांत १०.२. म्हणजे सगळ्यात कमी बसणारा गटच साखरेत सगळ्यात वर! आनुवंशिकता आहे, वजन आहे, खाणं आहे, विमा आहे का नाही आणि डॉक्टरकडे वेळेत गेलं का नाही हेही आहे. त्यामुळे तिने दर अर्ध्या तासाने उठावं, फोन उभ्याने घ्यावेत, सगळं करावंच, पण त्याआधी एकदा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट) तपासून घ्यावं. पळणारे लोक ही टेस्ट करायला कायम टाळाटाळ करतात, का कुणास ठाऊक.

प्रश्न: कॅशियर दिवसभर उभे असतात, ते त्या यंत्रात बसलेले दिसतात का?

दिसू शकतात, हो. कमरेचं यंत्र हालचाल मोजतं, पोझिशन नाही. यंत्र हालचालीचे जे ‘काउंट’ मोजतं ते मिनिटाला १०० च्या खाली गेले की ‘बसलेला’ म्हणून नोंद, मग तुम्ही सोफ्यावर असा नाहीतर काउंटरमागे पुतळ्यासारखे उभे. मांडीला लावायची यंत्रं हा फरक ओळखतात. दुकानात, सिक्युरिटीत, असेंब्ली लाइनवर काम करणारे या समाजात भरपूर आहेत, म्हणून १२ तासांकडे बघताना एवढं मीठ टाकूनच बघा.

प्रश्न: ब्राँक्समध्ये आमच्या ओळखीच्या चर्चमध्ये मी व्हॉलंटियर करते, बहुतेक बायका डॉमिनिकन आणि पोर्तो रिकन. व्यायामाचा क्लास सुरू केला, फ्लायर वाटले, आल्या फक्त तिघी. चुकतंय कुठे?

तिघी आल्या हे काही कमी नाही हो. पण सॅन दिएगोत ‘फे एन आक्सियोन’ म्हणून एक प्रयोग झाला त्याचं बघा, १६ कॅथलिक चर्च, चारशेवर लॅटिना. तिथे बाहेरून ट्रेनर आणला नाही, चर्चमधल्याच बायकांना तयार केलं, त्यांना प्रोमोतोरा म्हणतात, त्याच फुकट क्लास घेणार, त्याच सगळ्यांना घेऊन चालायला जाणार, त्याच फोन करून ‘काल का नाही आलीस’ विचारणार. एवढंच करून थांबले नाहीत, चर्चच्या आसपासचे फुटपाथ, दिवे, क्रॉसिंग यांच्याही मागे लागले. वर्षभराने त्या बायकांची हालचाल खरंच वाढलेली निघाली.

तुमच्या फ्लायरवर वेळ संध्याकाळी सहाची आहे, फोटोत दिसलं मला. सहा वाजता कोणाचं जेवण गॅसवर असतं, कोणाची नातवंडं सांभाळायला आलेली असतात, कोणाची घरं साफ करायची दुसरी शिफ्ट सुरू होते. त्या तिघींनाच विचारा की बाकीच्यांना कधी जमेल आणि पोरांना सोबत आणलं तर चालेल का, त्यांच्यातलीच एक पुढे करा, आणि क्लास मिसा (चर्चमधली प्रार्थना) संपल्या संपल्या लावून बघा, तेव्हा सगळ्या तिथेच असतात.